दोन महिन्यांनी धाकटी

रावजी मयेकर आपल्या दोन मुलींना घेऊन मथुराताई भाटकरांच्या ओटीवर आले, तेव्हा मथुराताई आत नारळ खवत होत्या आणि सगुणा कॉम्प्युटरवरचा विणलेला रुमाल काढून त्याची घडी घालत होती. ओटी हेच मंडळाचं कार्यालय. भिंतीवर 'वधूवर सूचक मंडळ, रत्नागिरी शाखा' अशी पाटी होती, तिच्याखाली एक लांब बाक, आणि कोपऱ्यात दुबईला नोकरी करणाऱ्या एका ज्ञातिबांधवाने गेल्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, मंडळाला भेट दिलेला कॉम्प्युटर. तो चालवायला माणूस हवा म्हणून मथुराताईंनी सगुणा शिवलकरला धरून आणलं होतं. सगुणा रामआळीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. सकाळचा वर्ग नसला की ती इकडे यायची, मथुराताईंच्या हातचं खायची आणि लोकांच्या पत्रिका छापून द्यायची.

"बसा ना," ती म्हणाली.

रावजी बसले नाहीत. मालगुंडहून पहिल्या एस.टी.ने आले होते, पण चेहऱ्यावर शीण नव्हता. उलट हसू दाबून धरल्यासारखे ओठ मिटले होते. त्यांनी खिशातून दोन कागद काढून सगुणासमोर ठेवले.

"ह्या तुमच्या पत्रिका. एक थोरलीची, एक धाकटीची. जरा जन्मतारखा बगा."

सगुणाने पाहिलं. थोरल्या राहीची तारीख दोन नोव्हेंबर बासष्ट. धाकट्या सोनूची नऊ जानेवारी त्रेसष्ट.

"दोन महिन्यांनी धाकटी," रावजी म्हणाले. "ह्या वाचून आमची बायको हसाय लागली ती अजून थांबली नाय. म्हणते, तेव्हाच सांगायचं होतं, दोघींचं आंघोळीचं पाणी एकदमच तापवलं असतं."

सोनू खुदकन हसली. राही हसली नाही. ती मालगुंडच्याच शाळेत मास्तरीण होती आणि चुकीचा कागद समोर आला की तिच्या कपाळाला बारीक आठी पडायची.

"खऱ्या तारखा सांगा," सगुणा म्हणाली.

"माझी अकरा फेब्रुवारी बासष्ट," राही म्हणाली. "हिची एक सप्टेंबर त्रेसष्ट. दोघी रविवारच्या. म्हणून आई आम्हाला आळशी म्हणते."

सगुणाने कागदाच्या कडेला आकड्यांत लिहून पाहिलं. अकरा, दोन. तिथे छापलं होतं दोन, अकरा. एक, नऊ. तिथे नऊ, एक. तिने पेन्सिल खाली ठेवली. काय झालंय ते तिला कळलं, आणि ते या दोन बहिणींपुरतं नसणार हेही कळलं.

"ताई," तिने आत हाक मारली, "जरा बाहेर या."

मथुराताई हाताला लागलेला खव पदराला पुसत आल्या. बासष्ट वर्षांची बाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, आणि रत्नागिरी जिल्ह्यातली निम्मी लग्नं आपण जुळवली आहेत असं समजणारी. हे समजणं फारसं चुकीचंही नव्हतं.

सगुणाने समजावून सांगितलं. मुंबईच्या मुख्य शाखेत हजारो कार्डं होती. ती एका टायपिंगवाल्यांकडून टाइप करून घेतली, मग ती सगळी माहिती कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये ओतली, आणि फ्लॉपीत भरून इकडे पाठवली. टायपिंगवाल्यांनी तारीख आपल्या पद्धतीने लिहिली, आधी दिवस, मग महिना. डेटाबेसचा प्रोग्राम अमेरिकेत तयार झालेला. तिकडे आधी महिना लिहितात. कोणी त्याला आपली पद्धत सांगितलीच नाही, त्यामुळे त्याने अकरा फेब्रुवारीची दोन नोव्हेंबर केली.

"मग कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?" राहीने विचारलं.

"कारण बारा तारखेच्या पुढे जन्मलेल्यांचं त्याला जमलं नसणार. पंचविसावा महिना तर नसतो. तिथे त्याने जागा कोरी सोडली असेल. मुंबईवाल्यांनी कोऱ्या जागा पाहिल्या, कार्डं बघून हाताने भरल्या आणि त्यांना वाटलं, झालं सगळं."

"म्हणजे जे बारा तारखेच्या आत जन्मले..." मथुराताई म्हणाल्या. त्या बाकावर बसल्या. गेले आठ महिने याच पत्रिका त्यांनी घरोघर धाडल्या होत्या.

राहीने शांतपणे विचारलं, "म्हणजे जानेवारीत अंजनवेलला गेली, ती माझी पत्रिकाही हीच?"

"हीच," मथुराताई म्हणाल्या.

रावजींच्या ओठांवरचं हसू गेलं.

अंजनवेलच्या पालशेतकरांचा रघुनाथ बोटीवर इंजिनीअर होता. सुटीवर आला असताना घरच्यांना घेऊन मालगुंडला राहीला बघायला आला होता. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का असलं काही त्याने विचारलं नाही. उलट राहीनेच विचारलं, बोट पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते तेव्हा घड्याळाचं काय करता. त्यावर तो अर्धा तास बोलला. घड्याळ रोज थोडंथोडं मागे कसं घेतात, एका जेवणाची वेळ कशी लांबते, आणि पॅसिफिकमध्ये एक अख्खा दिवस कसा गळून पडतो. त्याचे मामा जांभया देत होते आणि राही पुढचा प्रश्न विचारत होती. जाताना त्याची आई आनंदीबाई राहीच्या आईला म्हणाली, पत्रिका बघून कळवतो, पण आमच्या मनात आहे. पंधरा दिवसांनी मामांचं पत्र आलं. गुण फार कमी, शिवाय दोघांची नाडी एक. योग नाही.

राहीने त्यावर कोणाला काही म्हटलं नव्हतं. पण आता बाकावर बसून तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती, ते सगुणाला दिसलं.

"मी सगळं दुरुस्त करते," सगुणा म्हणाली. "मला थोडे दिवस द्या."

मथुराताईंनी दुपारीच पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंक कॉल लावला. मूळ कार्डं पाठवा म्हणून सांगितलं. पलीकडून चिटणीस म्हणाले, कार्डं कशाला हवीत, आता सगळं कॉम्प्युटरात आहे. कपाट रिकामं करून कार्डं दिवाळीच्या आधीच रद्दीत घातली.

परत येऊन मथुराताईंनी ते सांगितलं आणि छत्री आपटून कोपऱ्यात ठेवली. "आता तीन हजार घरांना पत्रं लिहायची म्हणजे माझा जन्म जाईल. आणि निम्मे उत्तरच देणार नाहीत."

सगुणा पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडे बघत होती. नाव, गाव, शिक्षण, उंची, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ. आणि त्यांच्या मधे एक रकाना, ज्याच्याकडे आजवर कोणी लक्ष दिलं नव्हतं. वार. जुन्या कार्डांवर तो असायचा म्हणून टायपिंगवाल्यांनी तोही इंग्रजी अक्षरांत टाइप केला होता. राहीच्या नावापुढे रवि. सोनूच्या नावापुढेही रवि.

"ताई, बासष्ट साली दोन नोव्हेंबरला कोणता वार होता?"

"मला काय विचारतेस?"

"तुम्हाला नाही, याला विचारतेय." तिने चार अक्षरं टाइप केली. कॉम्प्युटरने सांगितलं, शुक्रवार. मग तिने अकरा फेब्रुवारी विचारली. रविवार. एक सप्टेंबर त्रेसष्ट. तोही रविवार.

सगुणा खुर्चीत मागे रेलली. तिला एकदम हसू आलं. क्लासात मुलांना ती पगाराचे आणि मार्कांचे प्रोग्राम शिकवायची, आणि ते शिकवताना तिला स्वतःलाच झोप यायची. हे तसं नव्हतं.

"तारीख कॉम्प्युटरने बिघडवली," ती म्हणाली, "पण वाराला त्याने हात लावलेला नाही. तो नुसता शब्द आहे ना. जिथे तारीख आणि वार जुळत नाहीत, तिथे दिवस आणि महिना उलटे करून बघायचे. उलटल्यावर वार जुळला तर तीच खरी तारीख."

मथुराताईंनी ते दोनदा ऐकलं. मग उठून आत गेल्या आणि सकाळी राहिलेला नारळ खवायला बसल्या. जाताना म्हणाल्या, "आज जेवायला थांब. कुळथाचं पिठलं करते."

प्रोग्राम लिहायला सगुणाला फार वेळ लागला नाही. मधे वीज गेली आणि अर्धं काम गेलं, ते तिने पुन्हा लिहिलं. मग फ्लॉपीची नक्कल काढून ठेवली, देवाचं नाव घेतलं नाही पण मथुराताईंनी घेतलेलं ऐकलं, आणि प्रोग्राम चालू केला. पडद्यावर नावं सरकू लागली. दाभोळची, पावसची, देवरुखची, मुरुडची. एकेक तारीख उलटत होती आणि तिच्याशेजारी वार येऊन नीट बसत होता. मथुराताई चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या आणि ओळखीचं नाव आलं की मोठ्याने वाचत होत्या.

"ही दमयंती, हिला तीन ठिकाणांहून नकार आला. आणि हा बघ, गुहागरचा मास्तर. ह्याला मंगळ आहे म्हणून कोणी दारात उभं करत नव्हतं."

"आता नाही मंगळ?"

"ते पत्रिका काढल्यावर कळेल. पण महिना बदलला म्हणजे मंगळ काय तिथेच बसून राहणार आहे?"

मग एक नाव आलं आणि मथुराताई वाचायच्या थांबल्या. सगुणा सदाशिव शिवलकर. तीन डिसेंबरची बारा मार्च झाली होती, ती पुन्हा तीन डिसेंबर झाली.

"तू कधी नाव घातलंस?"

"मी नाही. आईने घातलं असणार." सगुणा लाल झाली. "मागच्या वर्षी दोन ठिकाणांहून पत्रिका परत आल्या म्हणून आई माझ्यावर चिडली होती. जशी काही मीच मंगळाला बोलावलं."

"आता आईला सांग."

"सांगेन सावकाश," सगुणा म्हणाली. "घाई नाही."

काम आटोपल्यावर मथुराताईंनी सगळ्यात आधी एकच गोष्ट करायला लावली. राहीची नवी पत्रिका काढली आणि रघुनाथ पालशेतकरच्या पत्रिकेशी ताडून पाहिली. गुण वाढले होते, चांगले वाढले होते. पण खाली तीच ओळ पुन्हा आली. नाडी एक.

मथुराताईंनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि टेबलावर ठेवला. "नशीब," त्या म्हणाल्या.

सगुणाला पत्रिकेवर विश्वास नव्हता. तिने तसं कधी मथुराताईंना सांगितलं नव्हतं, आणि मथुराताईंनीही कधी विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी राहीची घट्ट धरलेली पर्स तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. ती उरलेल्या नावांकडे वळली. प्रोग्रामने काही नावं बाजूला काढली होती, ज्यांचा वार सरळही जुळत नव्हता आणि उलटूनही. त्यांत काही टायपिंगच्या साध्या चुका होत्या. पण त्या यादीत रघुनाथचंही नाव होतं. जन्म अठरा नोव्हेंबर साठ. त्या दिवशी शुक्रवार होता. पुढे लिहिलेलं होतं, गुरु. उलटायचा तर प्रश्नच नव्हता, कारण अठरावा महिना कुठून आणणार.

तिने त्याच्या वरचं नाव पाहिलं, खालचं पाहिलं. मग यादी पहिल्यापासून पुन्हा वाचली. साध्या चुका सोडल्या तर बाकी सगळ्यांची चूक एकसारखी होती. वार तारखेच्या, सरळ नाहीतर उलटवलेल्या, बरोबर एक दिवस मागे. आणि जन्मवेळेच्या रकान्यात एक वाजून काही, दोन वाजून काही, तीन, चार. अकरा किंवा नऊ कोणाचेच नव्हते.

"ताई, तुमच्या हिशेबात वार कधी बदलतो?"

"सूर्य उगवला की," मथुराताई म्हणाल्या. "पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो. रात्री दोनला मूल झालं तर आम्ही आदल्या दिवसाचाच वार धरतो."

"आणि तारीख?"

"तारीख इंग्रजी. ती शाळेत घालायची असते, ती लोक रात्री बाराला बदलतात. का?"

सगुणाने जन्मवेळेवर बोट ठेवलं. दोन तीस. "ह्याच्यात रात्र की दुपार लिहायला जागाच ठेवलेली नाही. आणि पत्रिकेचा प्रोग्राम सहाच्या आतला आकडा दिसला की दुपार धरतो. रघुनाथ पालशेतकर रात्री अडीचला जन्मला असेल, ताई. म्हणून वार गुरुवार आणि तारीख शुक्रवारची. चुकलंय काहीच नाही. आपण त्याची पत्रिका दुपारची काढली, एवढंच."

मथुराताईंचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला. अर्ध्या दिवसात चंद्र किती पुढे सरकतो हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. "काढ," त्या म्हणाल्या. "रात्री अडीचची काढ."

प्रिंटरने करकरत कागद बाहेर ढकलला. नक्षत्र वेगळं. नाडी वेगळी. गुण सव्वीस.

सगुणा म्हणाली, "पण हा आपला अंदाज आहे. खरं काय ते त्याच्या आईलाच ठाऊक."

"तर मग आईला विचारू," मथुराताई म्हणाल्या. "पत्राने नाही. तो या आठवड्यात बोटीवर परत जाणार आहे. उद्याच जाऊ."

सगुणाने क्लासात निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी जयगडच्या एस.टी.त बसल्या. आंब्याच्या कलमांना मोहोर भरून आला होता आणि खिडकीतून त्याचा वास आत येत होता. जयगडला लाँचमध्ये बसून खाडी ओलांडली. मथुराताई लाँचमध्ये बसल्याबसल्या लाँच चालवणाऱ्या तांडेलाच्या मुलाचं वय, शिक्षण आणि उंची विचारून मोकळ्या झाल्या. पलीकडे तवसाळहून पुन्हा एस.टी., मग चालत, असं करत दुपारी दोघी अंजनवेलला पालशेतकरांच्या अंगणात पोचल्या.

आनंदीबाई अंगणात वाल वाळत घालत होत्या. मथुराताईंना त्यांनी ओळखलं आणि त्यांचा चेहरा जरा आखडला. पण आलेल्या माणसाला आधी शहाळं द्यायचं, मग काय ते बोलायचं, अशी रीत होती. तसं झालं.

"आनंदीबाई," मथुराताई म्हणाल्या, "मी मंडळाची चूक सांगायला आले आहे. तुम्हाला पाठवलेली मुलीची पत्रिका चुकीची होती. तारीखच चुकली होती. आणि तुमच्या रघूच्या पत्रिकेबद्दलही आम्हाला एक शंका आहे. तो कधी जन्मला?"

"तुमच्या कार्डावर लिहून दिलं होतं की."

"कार्ड आता नाही. तुमच्या तोंडून सांगा."

आनंदीबाई खाली बसल्या. ही गोष्ट सांगायला त्यांना आवडत असावी, कारण आखडलेला चेहरा लगेच सैल झाला. "गुरुवार होता. दत्ताच्या देवळात भजन होतं आणि हे पेटी घेऊन तिकडे. मला कळा सुरू झाल्या म्हणून सासूने माणूस धाडला, तर हे म्हणाले आरती झाली की येतो. भजन संपलं, हे आले, सुईण आली, तरी ह्याचा पत्ता नाही. सगळे ओटीवर बसून पेंगले. मग झाला. कोंबडा आरवायला पुष्कळ अवकाश होता."

"म्हणजे रात्री अडीच," सगुणा म्हणाली.

"नाय तर काय दुपारी? दुपारी भजन असतं काय?"

सगुणाने पिशवीतून दोन्ही कागद काढले आणि काय झालं ते सांगितलं. आनंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरी, तुझा पत्रिकेवर विश्वास हाय काय?"

सगुणा गडबडली. मथुराताई मान वळवून वालाकडे बघू लागल्या.

"पत्रिका खरी की खोटी ते मला माहीत नाही," सगुणा म्हणाली. "पण तारीख आणि वेळ चुकीची होती, ते माहीत आहे. चुकीच्या तारखेवरून कोणाला नाही म्हणणं मला बरं वाटलं नाही."

एवढ्यात रघुनाथ मागच्या दाराने आला. विहिरीवरचा पंप उघडून बसला होता, हात काळे झाले होते. आईने त्याला पुन्हा सगळं सांगितलं. तिच्या सांगण्यात कॉम्प्युटर जरा जास्तच दोषी ठरला. रघुनाथने हात पुसले, रात्रीच्या पत्रिकेचा कागद घेतला, वाचला आणि दोन्ही भुवया वर केल्या.

"बोटीवर आम्ही असं केलं तर कप्तान आम्हाला समुद्रात टाकील," तो म्हणाला. "रात्रीचे दोन आणि दुपारचे दोन एकच धरायचे म्हणजे कमाल आहे." मग आईकडे वळून जरा थांबला. "मामांनी पत्र लिहिलं तेव्हा मी तुला म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस," आनंदीबाई म्हणाल्या. "मी ऐकलं नाय. आता मालगुंडला निरोप कोण देणार, ते बगा."

"निरोप कशाला. मीच जातो."

तो आत जाऊन पाच मिनिटांत धुतलेला शर्ट घालून आला. घाईत बटणं एक घर सोडून लावली होती, ती आईने अंगणातच पुन्हा लावून दिली. अठ्ठावीस वर्षांचा इंजिनीअर मुकाट उभा राहिला.

उलट्या वाटेने तिघंजण निघाली. लाँचमध्ये रघुनाथ पुढच्या टोकाला उभा राहिला. मालगुंडला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. राही नुकतीच शाळेतून आली होती. दारात तिघांना बघून ती पायरीवरच थांबली. बोटांना खडू लागलेला होता.

"कशासाठी आलात?" तिने रघुनाथला विचारलं.

"पत्रिका बदलली," तो म्हणाला. "तुमचीही आणि माझीही."

"आणि तुम्ही?"

"मी तोच आहे."

"मग पत्रिका बदलायची वाट का बघितलीत?"

रावजी ओटीवरच्या खांबाआडून बाहेर येणार होते ते तिथेच थांबले. रघुनाथने थोडा विचार केला. "बघायला नको होती," तो म्हणाला. "मी आईला एकदा म्हणालो आणि गप्प बसलो. पुन्हा म्हणायला हवं होतं. इथे यायला हवं होतं."

राहीने बोटांचा खडू पुसला. बराच वेळ पुसत राहिली. सगुणाला वाटलं, आता ही नाही म्हणणार, आणि म्हणाली तर तिला कोणी बोल लावू शकणार नाही.

"पॅसिफिकमधला तो दिवस," राही म्हणाली, "तो परत येताना मिळतो का?"

"मिळतो. एकच तारीख दोनदा येते."

"ते मला अजून नीट कळलेलं नाही. आत या आणि समजावून सांगा." मग मान न वळवता म्हणाली, "बाबा, खांबाच्या मागे उभे राहू नका. चहा टाका."

रावजींनी खरोखरच चहा टाकला, कारण राहीची आई माजघरात पदर तोंडाला लावून पुन्हा हसायला लागली होती, आणि ती काही इतक्यात आटोपणार नव्हती.

रघुनाथने बोटीच्या कंपनीला तार करून सुटी आठ दिवस वाढवून घेतली. तेवढ्यात साखरपुडा उरकायचं ठरलं. लग्न तो पुढच्या सुटीवर येईल तेव्हा. दरम्यान मथुराताई आणि सगुणा ओटीवर बसून पत्रिका काढत होत्या. सगुणा छापायची, मथुराताई प्रत्येकीवर चार ओळी लिहायच्या, की मंडळाकडून चूक झाली, ही पत्रिका खरी समजावी. मुरुडहून एकाचं उत्तर आलं, मला आता पत्रिका नको, माझं लग्न चुकीच्या पत्रिकेवर झालं आणि झकास चाललं आहे, कृपा करून बायकोला काही कळवू नका. ते पत्र मथुराताईंनी चारदा वाचलं. गुहागरच्या मास्तरांचा मंगळ खरंच गेला होता. दमयंतीकडे नकार दिलेल्या तिघांपैकी दोघं परत विचारायला आले, आणि तिने दोघांनाही आता वेळ नाही म्हणून कळवलं. सगुणाला त्या दमयंतीला एकदा भेटायची फार इच्छा झाली. मुंबईच्या शाखेकडे सगुणाने दुरुस्त केलेली फ्लॉपी पाठवली आणि सोबत एक कागद, तारीख कशी वाचायची आणि रात्र कशी लिहायची याचा. चिटणिसांनी आभाराचं पत्र धाडलं. त्यावर त्यांनी तारीख घातली नव्हती.

साखरपुड्याला मयेकरांच्या अंगणात मांडव घातला होता. अंजनवेलची माणसं लाँचमधून आली. आनंदीबाईंनी राहीची ओटी भरली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. राहीने मान हलवली आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मोठ्याने हसली. जेवणं झाली. पुरुषमंडळी पान खाऊन सुरूच्या झाडांकडे वाऱ्याला गेली. बायका अंगणात जमल्या. सोनूने पदर खोचला आणि दोघीतिघींना ओढून फुगडीला सुरुवात केली. सारवलेल्या अंगणात पायांचा ठेका बसला. एक जोडी दमली की दुसरी उभी राहत होती, आणि राहीची आई खणखणीत आवाजात गाणं म्हणत होती.

सगुणा मांडवाच्या खांबाला टेकून बघत होती. लहानपणानंतर ती फुगडी खेळली नव्हती. तेवढ्यात मथुराताईंनी चष्मा काढून आनंदीबाईंकडे दिला, वहाणा बाजूला सारल्या आणि सगुणासमोर येऊन दोन्ही हात पुढे केले.

"ताई, तुमचे गुडघे," सगुणा म्हणाली.

"गुडघ्यांचं मी बघते. तू हात घट्ट धर."

सगुणाने हात धरले. मथुराताईंनी पाय जुळवले, मागे रेलल्या आणि गिरकी घेतली. पहिल्या दोन फेऱ्यांत सगुणाला वाटलं, म्हातारी पडणार. तिसऱ्या फेरीत कळलं की आपणच पडणार आहोत. माड, मांडव, हसणाऱ्या बायका सगळं एकात एक मिसळून फिरू लागलं. तिने डोळे मिटले आणि हात आणखी घट्ट धरले.